उभी मोटार आणि धुराची परीक्षा

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं मालमत्तेचे स्थावर व जंगम असे दोन भेद केले आहेत. जमीन, वाडा, विहीर हीं स्थावर. गुरेंढोरें, भांडींकुंडीं, दागदागिने हीं जंगम. अलीकडे मध्यम स्थितींतील आपल्या घरांतून या दोहोंच्या मधली अशी एक तिसरीच जात दिसूं लागली आहे. ती म्हणजे इमारतीच्या खालीं, दोन खांबांच्या मध्यें, कापडी बुरखा पांघरून महिनोन् महिने उभी असलेली मोटार. नांवानें ती जंगम, करणीनें स्थावर. दसऱ्याला तिला झेंडूची माळ व हळदकुंकू मिळतें. दिवाळींत भाऊबिजेची एखादी खेप होते. मे महिन्यांत मुलें आजोळीं जावयाचीं असलीं तर एखादा प्रवास घडतो. इतकें झालें कीं तिचें वर्ष संपलें. मग एके दिवशीं कोणाच्या तरी लक्षांत येतें कीं, गाडीच्या प्रदूषण-नियंत्रण प्रमाणपत्राची, म्हणजे सर्वजण ज्याला पी. यू. सी. म्हणतात त्या कागदाची, मुदत संपत आली आहे. आणि घरांत धांवपळ सुरू होते. ही धांवपळ टाळून परीक्षेची तयारी नीट कशी करावी, याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कायदा काय सांगतो तें पाहूं. १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमानें गाडीच्या धुरास मर्यादा घालून दिली आहे. नवी गाडी नोंदविल्यापासून एक वर्ष पुरें झालें कीं हें प्रमाणपत्र जवळ बाळगणें भाग असतें. भारत स्टेज ४ व त्यापुढील श्रेणीच्या मोटारींस तें बारा महिने चालतें. त्याहून जुन्या श्रेणीच्या गाड्यांस दर सहा महिन्यांनीं नवें करावें लागतें. केवळ विजेवर चालणाऱ्या गाड्यांस तें लागत नाहीं. श्रेणी ओळखण्याची साधारण खूण अशी कीं, भारत स्टेज ४ चा नियम मुंबई, पुणें, सोलापूर इत्यादि तेरा शहरांत १ एप्रिल २०१० पासून लागू झाला व २०१७ पर्यंत सर्व देशांत पसरला. १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावी श्रेणी आली, पांचवी मध्यें आलीच नाहीं. दंडाविषयीं म्हणाल तर, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमांत धुराची मर्यादा मोडणाऱ्यास पहिल्या अपराधास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने परवान्यास अपात्रता, अशी शिक्षा सांगितली आहे. परंतु केवळ दंडाच्या भयानें केलेलें कर्म कनिष्ठ प्रतीचें होय. म्हणून दंडाची गोष्ट येथेंच सोडतों.

यावर कोणी म्हणेल, "आमची गाडी वर्षाकांठीं दोनतीनशें किलोमीटर चालते. तिनें असा कितीसा धूर सोडला?" प्रश्न वाजवी आहे. वर्षाचा एकंदर हिशेब मांडला तर रोज धांवणारी गाडीच मोठी अपराधी ठरेल, हें आम्ही कबूल करतों. परंतु दोन गोष्टी विसरतां कामा नये. गाडी थंड असतांना सुरू केली म्हणजे पहिल्या कांहीं मिनिटांत निघणारा धूर सर्वांत अधिक घाणेरडा असतो. आणि क्वचित् चालणाऱ्या गाडीचा पुष्कळसा प्रवास या थंड स्थितींतच होतो. दुसरें असें कीं, हा धूर निघतो कोठें? तर आपल्याच आवारांत, जेथें आपलीं नातवंडें खेळतात. सायलेन्सरचें तोंड जमिनीपासून जेमतेम हातभर उंच. तीन वर्षांच्या मुलाचें नाक दोन हातांवर. मोठ्या माणसाच्या वाट्यास वाऱ्यानें विरळ झालेला धूर येतो. मुलाच्या वाट्यास ताजा येतो.

आतां परीक्षा कशाची होते तें समजून घेऊं. मोटारीचें इंजिन हें श्वासोच्छ्वास करणारें यंत्र आहे. आंत जाणारी हवा हा त्याचा प्राण, आणि मागून निघणारा धूर हा अपान. वैद्य जसा शरीरांतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांवरून आंतील पचनाची परीक्षा करतो, तशीच ही परीक्षा आहे. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असल्यास थोडी कमी. हें प्रमाण बरोबर जमलें म्हणजे त्या स्थितीस लॅम्डा या ग्रीक अक्षराची १ ही किंमत देतात. हवा अपुरी पडली तर लॅम्डा एकाच्या खालीं जातो, जास्त झाली तर वर चढतो. जळण पुरें झालें तर कार्बन डायॉक्साइड व पाण्याची वाफ निघते; अर्धवट झालें तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो; आणि पेट्रोल न जळतांच निसटलें तर त्यास हायड्रोकार्बन म्हणून मोजतात. सायलेन्सरच्या तोंडांत एक लांब नळी घालून धूर यंत्रांत ओढतात, त्यांतून अवरक्त किरण सोडतात, आणि कोणत्या वायूनें किती किरण गिळले यावरून त्याचें प्रमाण काढतात.

उत्तीर्ण होण्याचे गुण असे : भारत स्टेज ४ च्या पेट्रोल मोटारीस संथ चालीवर कार्बन मोनॉक्साइड शेंकडा ०.३ व हायड्रोकार्बन दशलक्षांत २०० भाग यांहून अधिक असूं नये. पुढें इंजिन मिनिटास सुमारें २५०० फेऱ्यांवर नेऊन पुन्हां मोजतात. तेथें कार्बन मोनॉक्साइड शेंकडा ०.२ च्या आंत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान असावा लागतो. भारत स्टेज २ व ३ च्या गाड्यांस शेंकडा ०.५ व दशलक्षांत ७५० ही मर्यादा आहे. त्याहून जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांस शेंकडा ३ व दशलक्षांत १५०० अशी मोठी सवलत आहे. डिझेल गाडीची परीक्षा निराळी. तिचें इंजिन एकदम जोरानें फिरवून धुराचा काळेपणा मोजतात.

नव्या गाडीस इतके कडक गुण मिळवितां येतात याचें श्रेय सायलेन्सरच्या वाटेवर बसविलेल्या एका डब्यास आहे. त्याचें नांव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यांत मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असून तिजवर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. त्याच्या संगतींत अर्धवट जळलेले वायू पुरते जळतात. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें नव्या पेट्रोल मोटारींस हा डबा सक्तीचा झाला. शिसें त्या लेपाचा नाश करतें, म्हणून त्याबरोबरच शिसेरहित पेट्रोल आलें व २००० सालीं तें देशभर झालें. पण या डब्याचा एक स्वभाव आहे : अडीचशें ते तीनशें अंश सेल्सिअस ऊन झाल्यावांचून तो कामास लागत नाहीं. थंड गाडीचा कन्व्हर्टर म्हणजे निजलेला पहारेकरी. तो दारांत असून नसल्यासारखाच. इंजिनहि थंडपणीं नेहमींपेक्षां अधिक पेट्रोल मागतें. म्हणून उत्तम स्थितींतील गाडीसुद्धां थंड नेली तर नापास होऊं शकते. ही एक गोष्ट ज्याला समजली त्यानें अर्धी तयारी केली, असें समजण्यास हरकत नाहीं.

उरलेली अर्धी तयारी उभें राहण्यानें झालेली हानि भरून काढण्याची. गाडी उभी असली म्हणजे ती विश्रांति घेते, असा समज फार प्रचलित आहे; तो चुकीचा आहे. घड्याळ, चोरघंटा व यंत्राची स्मृति हीं बॅटरींतून थेंब थेंब वीज पितच असतात. टाकींतील पेट्रोलाचा हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो व उरलेल्याचा हवेशीं संयोग होऊन चिकट राळ धरूं लागते. २०२५ पासून आपल्याकडील पंपांवर सामान्यतः शेंकडा वीस इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें; इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि ती ओल फार झाली तर पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशीं वेगळे होऊन बसतात. तेलाचीहि तीच गत. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें उत्पन्न होतें, ही गोष्ट पुष्कळांस नवल वाटेल. लांबच्या प्रवासांत ती वाफ बाहेर निघून जाते. पण गाडी पांच मिनिटें चालवून बंद केली तर तिचें पाणी सायलेन्सरांत राहून त्यास आंतून गंजवितें, व कांहीं भाग तेलांत उतरून तें बिघडवितें. आणि जेथें मनुष्याचा वावर थांबतो तेथें उंदरांचा सुरू होतो. हवेच्या गाळणीची पेटी ही त्यांस बाळंतपणासाठीं फार सोयीची खोली वाटते.

आमच्या परिचयाचें पुण्यांतील एक कुटुंब आहे. तिघे बंधू, तीन बिऱ्हाडें, पण सणवार व सुखदुःख एकत्र. वडिलांनीं निवृत्त झाल्यावर २०१२ सालीं हौसेनें एक पेट्रोल मोटार घेतली होती. ते वारल्यावर गाडी विकावयाची नाहीं असें तिघांनींहि ठरविलें. पण ती चालवावयाची कोणीं हें मात्र कोणींच ठरविलें नाहीं. थोरल्यांस वाटे मधला फिरवीत असेल. मधल्यांस वाटे किल्ली धाकट्याकडे आहे. धाकटे म्हणत, दादा असतांना आपण कशाला हात लावावा? पावसाळ्यांतील एका रात्रीं मातुःश्रींचा दमा उसळला. तिघेहि किल्ली घेऊन खालीं धांवले, आणि गाडीनें नुसता 'कट्' असा आवाज केला. शेवटीं चौकांतून रिक्षा आणून मातुःश्रींस रुग्णालयांत नेलें. सुदैवानें वेळ निभावली.

पुढच्या आठवड्यांत बॅटरी बदलली, तेव्हां प्रमाणपत्राची मुदत संपून चार महिने झाल्याचें आढळलें. घाईघाईनें गाडी घराजवळच्याच केंद्रांत नेली. कार्बन मोनॉक्साइड ०.९, हायड्रोकार्बन ३४०, गाडी नापास. रांगेंतील एका अनुभवी गृहस्थानें सल्ला दिला कीं, दुसऱ्याच गाडीच्या मागें नळी लावून कागद काढून देणारीं माणसें असतात. उगीच त्रास कशाला घेतां? मधल्या बंधूंस तें पटूं लागलें होतें. घरीं आल्यावर गोष्ट मातुःश्रींच्या कानीं गेली. त्या अंथरुणावरूनच म्हणाल्या, "अरे, कागद बदलेल, पण धूर तोच राहील ना? आणि तो माझ्याच खिडकीखालीं." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

धाकट्या सूनबाई रसायनशास्त्राच्या पदवीधर. त्यांनीं नापास झाल्याचा कागद मागून घेतला व थोरल्या दिरांस म्हणाल्या, "दादा, गाडी तापलीच नव्हती, हें एक. पण हायड्रोकार्बनहि वाढलेला आहे, म्हणजे कोठें तरी ठिणगी चुकत असली पाहिजे. मिस्त्रींना हा कागद दाखवूं या का?" मिस्त्रींनीं गाडी उघडली. हवेच्या पेटींत चिंध्यांचें व शेंगांच्या टरफलांचें घरटें निघालें. चारांपैकीं दोन प्लग काजळलेले. पेट्रोल आठ महिन्यांचें जुनें. पेट्रोल काढून टाकलें, प्लग, गाळणी व तेल बदललें, आणि फेरपरीक्षेस मुद्दाम सिंहगड रस्त्यावरील दूरचें केंद्र निवडलें, कीं तेथें पोंचेपर्यंत गाडी पुरती तापावी. या वेळीं कार्बन मोनॉक्साइड ०.०४ व हायड्रोकार्बन ५२ भरला. गाडी तीच, यंत्र तसलेंच; फरक काय तो निगेचा.

यावरून वाचकांनीं तयारीचा जो क्रम ठेवावा असें आम्हांस वाटतें तो सांगतों.

मुदत संपण्यापूर्वीं पंधरा दिवस कामास लागावें. मुदतींत असतांना गाडी रस्त्यावर मोकळेपणीं तापवितां येते. कांहीं दोष निघाला तर दुरुस्तीस अवधि राहतो. नोंदणीपत्रास जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे कीं नाहीं तें पाहावें. वडील वारले असून क्रमांक त्यांचाच राहिला आहे, अशीं घरें पुष्कळ आहेत. २०२१ सालीं सर्व देशासाठीं प्रमाणपत्राचा एकच नमुना ठरला, तेव्हांपासून मालकाचा क्रमांक देणें आवश्यक झालें आहे.

नंतर गाडी सुरू करण्यापूर्वींच तिचें झांकण उघडावें. घरटें, कुरतडलेल्या तारा, खालीं पडलेले तेलाचे डाग पाहावे. तेलाची पट्टी ओढून तेलाची पातळी व रंग पाहावा. दुधासारखें पांढुरकें तेल दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे असें समजून गाडी न चालवितां मिस्त्रींस बोलवावें. तेल किती किलोमीटर चाललें हें न पाहतां वर्षांतून एकदां बदलावेंच. बॅटरी पुरती भरली असली म्हणजे तिचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो; तो १२ च्या आसपास आला असला तर ती रिकामी झाली म्हणावयाची. अशा वेळीं पुनःपुन्हां किल्ली फिरवूं नये. चार्जर लावून भरून घ्यावी. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करावयाची असल्यास लाल तार दोहींच्या धन टोकांस जोडावी व काळी तार दुसऱ्या गाडीच्या ऋण टोकापासून आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूस जोडावी. काढतांना क्रम उलट. टायरांत हवा किती हवी हें ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुधा लिहिलेलें असतें, तेवढी भरावी. ब्रेक धरतो कीं नाहीं, आणि हातब्रेक सुटतो कीं नाहीं, हें आवारांतच पाहून मग रस्त्यावर यावें.

पेट्रोल दोनतीन महिन्यांचें असेल तर त्यांत ताजें घालून चालवावें. सहाआठ महिन्यांचें असून त्याला व्हार्निशसारखा वास येत असेल तर तें मिस्त्रींकडून काढवून टाकावें. हवेची गाळणी झाडून किंवा बदलून घ्यावी. प्लग काढून पाहावे. सायलेन्सरला भोंक पडलें असल्यास तें आधीं बुजवावें, कारण त्यांतून बाहेरची हवा मिसळली कीं लॅम्डाचा आंकडा खोटा चढतो व निरोगी इंजिनहि नापास होतें. बॅटरी काढून पुन्हां लावली असेल तर त्याच दिवशीं परीक्षेस जाऊं नये. गाडींतील नियंत्रक यंत्र बॅटरीबरोबर आपलीं शिकलेलीं मापें विसरतें. तीं पुन्हां शिकण्यास त्यास थोडा प्रवास लागतो. समोरच्या फळीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागत असेल तर परीक्षेचे पैसे देण्यापूर्वीं तो कां लागला हें विचारावें.

परीक्षेच्या दिवशीं गाडी वीसपंचवीस मिनिटें मोकळ्या रस्त्यावर चालवावी. त्यांत कांहीं वेळ खालच्या गिअरमध्यें, इंजिन थोडें जोरानें फिरेल अशी. नंतर सरळ केंद्रांत जावें. लांब रांगेंत गाडी निवली तर आपला क्रम जवळ आल्यावर पुन्हां चार मिनिटें फिरवून आणावी. परीक्षेच्या वेळीं थंड हवेचें यंत्र व दिवे बंद ठेवावे. नळी खरोखरच आंत घातली आहे कीं नाहीं, हें उभें राहून पाहावें.

आंकडे हातीं आले म्हणजे कागद घडी करून खिशांत घालूं नये, वाचावा. कार्बन मोनॉक्साइड जास्त व लॅम्डा एकाखालीं असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी जाते. गाळणी, इंजेक्टर व ऑक्सिजन मोजणारें उपकरण पाहावें. हायड्रोकार्बन एकटाच वाढला असेल तर ठिणगीचा दोष बहुधा निघतो. डोळ्यांनींहि पुष्कळ कळतें : काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळसर धूर म्हणजे तेल जळतें, थंड सकाळीं क्षणभर दिसणारा पांढरा धूर ही केवळ पाण्याची वाफ, पण गाडी तापल्यावरहि तो टिकला तर थंडाव्याचें पाणी आंत गळत आहे असें समजावें. नापास गाडीस नकारपत्र देण्याची सोयहि २०२१ च्या नियमांत आहे. तें फाडून न टाकतां मिस्त्रींच्या हातीं द्यावें. विद्यार्थ्याची नापास उत्तरपत्रिका हेंच शिक्षकाचें खरें पाठ्यपुस्तक असतें. तोच न्याय येथेंहि लागू आहे.

आतां एक सावधगिरीची सूचना, आणि ती सर्वांत महत्त्वाची. गाडी 'गरम ठेवण्यासाठीं' बंद गॅरेजमध्यें इंजिन चालू ठेवण्याची रीत कांहीं घरांतून आहे. ती तात्काळ बंद करावी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो ऑक्सिजनपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकें दुखणें, मळमळ, झोंप आल्यासारखें वाटणें, एवढ्या सौम्य खुणा देऊन तो मनुष्याचा प्राण घेतो. दार उघडें ठेवून, गाडी बाहेर काढून मगच इंजिन चालू राहूं द्यावें. आणि तेव्हां मुलांस मागें उभें राहूं देऊं नये. शिवाय उभ्याउभ्या दहा मिनिटें इंजिन चालविल्यानें कांहीं साधतहि नाहीं. बॅटरी फारशी भरत नाहीं, तेल पुरतें तापत नाहीं, आणि सायलेन्सरांत पाणी मात्र सांचतें. त्यापेक्षां पंधरवड्यांतून एकदां पंधरावीस किलोमीटर चालविणें शतपटीनें हितकर.

हें कोणीं करावयाचें? एकत्र कुटुंबांत जें सर्वांचें असतें तें पुष्कळदां कोणाचेंच नसतें, हा आपला जुना अनुभव आहे. देवपूजा मात्र चुकत नाहीं, कारण तिची पाळी लावलेली असते. तशीच गाडीचीहि पाळी लावावी. कॅलेंडरवर प्रत्येकाच्या नांवानें एक एक पंधरवडा लिहावा. ज्याची पाळी त्यानें गाडी फिरवून आणावी, हवा पाहावी, व फिरवल्याची तारीख लिहावी. विमा, प्रमाणपत्र व नोंदणी या तिन्ही मुदती त्याच कॅलेंडरवर ठळक लिहाव्या. सुना व मुली यांसहि पाळी द्यावी. रात्रीं दोन वाजतां ज्याला गाडी चालवितां येतें तोच घरचा कर्ता. तेथें वयाचा किंवा मानाचा प्रश्न नाहीं.

आणि इतकेंहि कोणास जमत नसेल, तर शांतपणें बसून दुसरा एक विचार करावा. नोंदणीस पंधरा वर्षें पुरीं झालीं म्हणजे ती पुढें चालविण्यासाठीं गाडी परिवहन कार्यालयाच्या तपासणीस न्यावी लागते. त्या वेळेपर्यंत गाडीची आपणांस खरोखर गरज आहे कीं केवळ तिची आठवण हवी आहे, हें ठरवावें. गरज असेल तर तिची निगा राखावी. आठवणच हवी असेल तर ती राखण्यासाठीं इंजिन, टाकी व सायलेन्सर यांची आवश्यकता नाहीं. चालवील अशा मनुष्यास गाडी विकावी, किंवा २०२१ च्या नियमांन्वयें नोंदलेल्या मोडणी-केंद्रांत ती देऊन तेथील प्रमाणपत्र घ्यावें. वडिलांची वस्तु गंजत ठेवणें म्हणजे वडिलांचा मान ठेवणें नव्हे. त्यांनीं ती गाडी घरांतील माणसें वेळेवर व सुखरूप पोंचावीं म्हणून घेतली होती. तें काम ती करीत आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. प्रमाणपत्रावरील शिक्का वर्षभर टिकतो. पण त्यामागील आंकडे खरे असतील तरच खिडकीखालीं गाडी सुरू झाल्यावर घरांतील वृद्ध माणसास खिडकी लावून घ्यावी लागणार नाहीं.